ट्रेलरबाहेरचं पाणी

प्रिय कॉरीन,

तू फोन उचलत नाहीस म्हणून लिहितोय असं समजू नकोस. हे फोनवर मला बोलताच आलं नसतं. मध्येच तू "बरं, ठेवते" म्हणाली असतीस आणि मीही "बरं" म्हणून सुटलो असतो. पत्र वाचून तू रागावशील. तरी शेवटपर्यंत वाच.

आधी शॉवरचं. मे महिन्यात तुझ्या दुकानात आलो होतो, तेव्हा मी राहतो त्या ट्रेलरला बाहेरून शॉवर बसवतोय असं सांगितलं होतं. नदीवरून मासे धरून आलं की चिखल आत येतो, हे कारण दिलं. तू माझे बटाटे तोलत होतीस. वर न बघता म्हणालीस, "बाबा, तुम्हाला कधी मासा लागलाय?" माझ्या मागे रांगेत उभी असलेली बाई हसली. मी म्हणालो, कधी नदीकडे आलीस तर वापर, मंगळवारी आणि शुक्रवारी मी नसतोच, म्हाताऱ्यांना जेवणाचे डबे पोचवायला जातो. तू पिशवी पुढे सरकवलीस आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळलीस. ऐकलंस की नाही, कळलं नाही.

मग भिंत कापायला घेतली. ट्रेलरची भिंत ती काय, बाहेरून पत्रा, मध्ये फोम, आतून पातळ प्लायवूड. त्यातून विजेच्या तारा कुठून नेल्यात ते बनवणाऱ्यालाच ठाऊक. बाथरूमच्या नळ्या पलीकडून हाताशी येतील अशी जागा धरली, तीनदा मापली, तरी करवत लावायचं धाडस होईना. शेजारच्या ट्रेलरमधली व्हर्ना खुर्ची टाकून बघत बसली होती. "जहाजाला भोक पाडतोयस असा चेहरा करू नकोस," म्हणाली. मग म्हणाली, "मासा तुला लागत नाही, मग हा खटाटोप कुणासाठी?" मी म्हणालो, कुत्र्यासाठी. "कुत्रा कुठाय?" घेणार आहे, म्हणालो. संध्याकाळपर्यंत सगळं बसवून झालं. गरम पाण्याला एक कॉक, थंडला एक, लांब नळी, टोकाला बटण असलेला फवारा, आणि सगळं झाकणाऱ्या पेटीला बाहेरून झडप. झडपेला कुलूप लावलं नाही. जूनभर फवारा कोरडाच राहिला. मी साबण ठेवला होता, त्याला भेगा पडल्या.

जुलैत आतल्या नळाचं पाणी कोमट यायला लागलं. मी हीटर खोलून बसलो. व्हर्ना डोकावली. "हीटरला कशाला छळतोस? बाहेरचे दोन्ही कॉक उघडे राहिलेत तुझे." नवीन माणसं हमखास ही चूक करतात, म्हणाली. आंघोळ झाली की नुसतं फवाऱ्याचं बटण दाबतात. बाहेर पाणी थांबतं, पण पेटीतून थंड पाणी गरमच्या नळीत शिरत राहतं, आणि आतला माणूस हीटरला शिव्या देतो. मी मागे जाऊन पाहिलं. दोन्ही कॉक उघडे. खालची खडी ओली. साबण झिजलेला. मी तर शॉवरला हात लावला नव्हता. व्हर्ना म्हणाली, "कुत्रा आला वाटतं."

तेव्हापासून डबे पोचवून आलो की टोपीही न काढता आतला नळ सोडायचो आणि हात धरायचो. कोमट लागलं की बसायचो, त्याच पाण्यानं दाढी उरकायचो आणि मगच मागे जाऊन कॉक बंद करायचो. कॉक बंद कर अशी चिठ्ठी मी लावली नाही. चिठ्ठी म्हणजे मला कळलंय असं झालं असतं. कोमट पाण्यानं दाढी धड होत नाही. उन्हाळाभर गाल ओरबाडून घेतले.

सप्टेंबर सरला, सकाळी गवतावर पांढरं धरायला लागलं, आणि पाणी पुन्हा कढत आलं. मंगळवारी कढत, शुक्रवारी कढत. पुढच्या मंगळवारीही. मी नळाखाली हात तसाच धरून उभा राहिलो, भाजेपर्यंत. मग दुकानात गेलो. तुझ्या जागी दुसरीच मुलगी होती. "कॉरीन? तिची पाळी पहाटेची झालीय. बरी आहे. खोकते थोडी." थोडी म्हणजे किती, हे विचारायला हवं होतं. मागे माणसं उभी होती.

आता आमचा हा ट्रेलरांचा तळ सांभाळणारा हस्कल सगळ्यांना सांगत फिरतोय की शनिवारी तो तळाचं पाणी बंद करणार. मला म्हणाला, "नळ्या गोठून फुटल्या तर माझ्याकडे यायचं नाही हां, म्हातारबा. जा की उबेला, युमाला भावाकडे, गेल्या वर्षीसारखा." बाकी सगळे निघालेच आहेत. व्हर्ना काल गेली. गाडीत बसताना म्हणाली, "कुत्र्याला आता आत घे." मी युमाला जात नाही. ट्रेलरच्या खालच्या पोकळीभोवती गवताचे भारे लावलेत, गावातून कॅनने पाणी आणून आतली टाकी भरीन. हीटर चालू राहील. पण बाहेरची नळी मला रिकामी करावीच लागेल, नाहीतर पहिल्याच कडाक्यात फुटेल. शनिवारपासून गरम पाणी फक्त आत.

आईच्या माघारी मी घर विकलं, तेव्हा तू म्हणाली होतीस, या पत्र्याच्या डब्यात मी पाऊल ठेवणार नाही. तू शब्दाची पक्की आहेस. म्हणून तर मी पाणी बाहेर काढलं होतं. हिवाळ्यात ते मला जमत नाही, कॉरीन. दुसरं काही सुचलं असतं तर केलं असतं.

हे पत्र मी शॉवरच्या पेटीत ठेवत नाही. दुकानाच्या मागच्या कोपऱ्यात तुझी गाडी असते, तिच्या पुढच्या काचेवर वायपरखाली अडकवतोय. म्हणजे तू कुठे झोपतेस ते मला माहीत आहे, हे आता तुला कळलं. मार्चपासून माहीत आहे. मला कळलंय हे तुला समजलं तर तू गाडी दुसऱ्या गावाला नेशील, ही भीती होती. अजून आहे. पण काल पहाटे तुझ्या काचा आतून गोठलेल्या दिसल्या आणि ती भीती या भीतीपुढे लहान झाली. जाणारच असशील तर आधी एकदा आंघोळ करून जा. दार उघडं असेल. टेबल मोडून दुसरा पलंग केलाय, त्यावर टॉवेल आहेत. मी भेटलोच पाहिजे असं काही नाही. मंगळवारी मी दुपारी चारपर्यंत येत नाही. हवं तर आणखी उशीर करीन.

तुझाच,
बाबा