झाकण उघडण्याआधी

प्रिय नणंदबाई, आणि त्याच्याही आधीची माझी मैत्रीण,

आपल्या हॉटेलचं सांडपाणी शुद्ध करणारी टाकी मेली आहे. ती बसवणाऱ्या कंपनीच्या इंजिनिअरने काल सकाळी स्वतः पाणी तपासून सांगितलं. टाकी मरते कशी, असं मीही विचारलं. तिच्यात घाण खाणारे जिवाणू असतात, त्यांना हवा लागते, आणि ती हवा देणारा पंखा हंगाम संपल्यापासून बंद होता.

बंद तुझ्या भावानेच केला. रिकाम्या खोलीत दिवा नको, पंखा नको, ही तुझ्या बाबांची शिकवण. एकेक मजला बंद करत तो खाली उतरला आणि तेही बटण दाबून आला. पाहुणे नाहीत तर टाकी कोणासाठी वारा घेतेय, म्हणाला. मीही हसले.

तळ्यात सोडायच्या पाण्याचे नियम यंदा कडक झालेत. चुकीचे नाहीत गं. त्याच तळ्यात आपण दोघी पोहायला शिकलो, आता पाय बुडवायची इच्छा होत नाही. पण पहिल्या तपासणीत आपण नापास झालो. सोमवारी दुसरी आहे, तीही हुकली तर सील. पुराने तळमजला धुऊन नेला, रस्ता वर्षभर बंद राहिला, तरी आपण तगलो. बँकेचे साहेब म्हणायचे, तुमचं हॉटेल म्हणजे मांजर, कुठूनही पडलं तरी चार पायांवर. आता तेच म्हणतात, खोल्या नंतर दाखवा, आधी सांडपाणी दाखवा.

उपाय एकच: टाकी उपसायची आणि दुसऱ्या टाकीतला जिवंत गाळ आणून ओतायचा. पलीकडच्या हॉटेलवाल्याने गाळ कबूल केलाय. आमची घाण न्या, परत नाही केलीत तरी चालेल, म्हणाला. पण आपल्या टाकीचं तळाचं तोंड तुंबलंय. श्वासाची नळी लावून उतरणारी माणसं शनिवारशिवाय येत नाहीत, आणि गाळाला रुजायला चार-पाच दिवस हवेत. म्हणून तुझा भाऊ म्हणतो, मीच उतरतो, तोंडाला ओला टॉवेल बांधून, पाच मिनिटांचं काम. इंजिनिअरने बजावलं की आत डोकंसुद्धा घालू नका, त्या वायूत माणूस ओरडायच्या आत पडतो. हा म्हणतो, घाबरवणं हा त्यांचा धंदाच आहे. मी झाकणाची किल्ली लपवली, तर हसत हसत पहार घेऊन आला.

मला भीती पहारीची नाही. काल त्याने मला जनरेटर कसा सुरू करायचा ते शिकवलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, कधी हात लावू दिला नव्हता. मग पाण्याची मुख्य तोटी दाखवली. इतक्या प्रेमाने समजावत होता, जणू उद्यापासून हे सगळं मला एकटीलाच बघायचंय.

फोन काउंटरवर, आणि तिथून तो हलत नाही, म्हणून फोन न करता हे चादरी धुणाऱ्याच्या गाडीतून पाठवतेय. त्याला सांग, सील लागलं तर लागू दे, ते काढता येतं. माझं तो ऐकत नाही. तू नुसते डोळे वटारलेस तरी पुरे. गाळाचा टँकर उद्या दुपारी येईल, त्याआधी तो झाकण उघडायला जाईल. पहिल्या बसने निघ. तू येईपर्यंत मी झाकणावर बसून राहणार आहे. पण मला उचलून बाजूला ठेवणं त्याला काही जड नाही, हे तुलाही ठाऊक आहे.

वाट पाहणारी, तुझीच
वहिनी