पालथा घातलेला साखरेचा डबा

वन्सं,

काल तुम्ही गेलात आणि आज सकाळी इन्सुलिन मी टोचलं. बबडीनं रडून घर डोक्यावर घेतलं, रुसून नाश्त्याला तोंडही लावलं नाही. थोड्या वेळानं बघते तर घामानं चिंब, अंग थरथरतंय. "आई, तू नीट दिसत नाहीस गं," म्हणाली. साखर उतरली होती. मी डब्याकडे धावले, तर डबा धुऊन पालथा! बिस्किटं, दप्तरातल्या ग्लुकोजच्या गोळ्या, सगळं तुम्ही मायेपोटी उचलून नेलेलं.

अहो, गोड खाऊन झालेला आजार नाही हा. तिचं शरीर इन्सुलिन बनवतच नाही, म्हणून ते टोचायचं. टोचल्यावर पोटात काही गेलं नाही, तर साखरच जीव वाचवते. खालच्या शिंप्याकडून मूठभर आणून पाण्यातून पाजली. ती सावरली.

तुमच्यावर इतकी चिडलेय की काय सांगू! पण हे पत्र टाकायची हिंमत नाही. तुम्ही रागावून आलाच नाहीत तर? तुमच्याच हातून ती न रडता टोचून घेते.

संध्याकाळी पुन्हा सुई आहे, वन्सं.

तुमची भावजय