एक काना जास्त

९ जानेवारी
ही लेकीकडे गेली, बाळंतपणासाठी. घर खायला उठलंय. माझी सर्दी बारमाही, म्हणून मी इथेच. "बाबा, आधी ठणठणीत व्हा, मगच बाळाला भेटायचं." – लेकीचा हुकूम!
जाताना बरणीत गोळ्या भरून गेलीय, प्रतिकारशक्तीच्या. वर चिठ्ठी – 'जस्त. रोज जेवणानंतर.' चाळीस वर्षं प्रुफं तपासणाऱ्याची बायको, पण काना खायची खोड जात नाही! 'चावी शेजारी दिलीय'चं 'चवी' करणारी बाई. लाल पेनाने काना दिला. जास्त.
डॉक्टर एक म्हणाले होते. ही जास्त म्हणते. चार घेतल्या.

३ फेब्रुवारी
नात झाली! फोनवर रडणं ऐकलं. काय आवाज आहे! हिने फोन ठेवला तरी मी कानाला लावून बसलो.

२० फेब्रुवारी
सर्दी पळाली. बरणी संपली, म्हणून औषधवाल्याला गोळ्यांचं जुनं रिकामं पाकीट दाखवलं. "झिंक होय!" म्हणाला. दे बाबा. भरपूर दे.

१८ एप्रिल
उद्याचं तिकीट होतं. तोंड आलंय, जिन्यात धाप लागते, वर ताप. इतक्या गोळ्या खाऊन! तिकीट रद्द. रक्त दिलं तपासायला.

२१ एप्रिल
"दिवसाला किती झिंक घेता?" डॉक्टर. "चार." त्यांनी चष्माच काढला. म्हणे, झिंक असं महिनोन्‌महिने जास्त गेलं की शरीर तांबं घेईनासं होतं, आणि तांब्यावाचून रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटतात. रोगाशी लढणाऱ्या त्याच!
"चार कुणी सांगितल्या?" "बायकोने. लेखी." पिशवीतून बरणी काढून दिली.
"अक्षर निळं, मग हा काना लाल कसा?"
तेव्हा डोक्यात उजेड पडला. झिंक म्हणजे जस्त! 'आपला शब्द असताना झिंक कशाला?' असं मीच हिच्या डोक्याशी कटकट करायचो. जन्मात एकदा बाईने शुद्ध लिहिलं आणि मी चुकवलं.
झिंक बंद, तांबं सुरू. "बळ यायला वेळ लागेल. प्रवास नाही."

२२ एप्रिल
हिला सगळं सांगितलं. वाटलं, हसेल. पण म्हणाली – "मी तिथे असते तर..."
ये ना मग! बोललो नाही. इथे लिहितो. मला ती हवीय. आणि ते पोर एकदा, फक्त एकदा मांडीवर हवंय.

१४ जून
पेशी वाढल्या. डॉक्टर खूश. प्रवास मात्र अजून नको!
हिचा मेसेज – 'सोमवारी बळ घेऊन येते.' तीनदा वाचला. नाही, आता हिचं लिहिलेलं आहे तस्संच वाचायचं. टॉनिक आणत असेल बिचारी.

१७ जून, सोमवार
काना हवा होता! डाव्या हाताने लिहितोय. उजव्यावर ती चिमुरडी झोपलीय.