सतरा पॉइंट एक्क्याण्णव

दुर्बिणीचा डोंगर,
४ फेब्रुवारी

ती. बाबा यांस,
भिंगरीचा सा. न. वि. वि. यातली विनंती शेवटी, आधी बातमी.

फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही आणि आई माझं अर्ध्या तासाचं बोलणं दोन वाक्यांत उरकते, म्हणून पत्रच बरं. परवा तिला आकाशात मोठा स्फोट झाल्याचं सांगितलं, तर तिने आधी मला कुठे लागलं का ते विचारलं आणि मग जेवले का ते.

तर ऐका. फार फार दूर एखादा प्रचंड तारा कोसळून मरतो, तेव्हा गॅमा किरणांचा झोत सुटतो. काही सेकंदांचाच खेळ. आपल्या डोळ्यांना तो दिसत नाही. वर फिरणारा उपग्रह तो टिपतो आणि आकाशात कुठे पाहायचं ते जगभरच्या दुर्बिणींना लगेच कळवतो. मागे जो अंधूक उजेड उरतो, तो तासातासाला मावळत जातो. सापडायच्या आत विझला तर हात चोळत बसायचं. म्हणून निरोप आला की हातातलं टाकून धावायचं.

२७ जानेवारीला निरोप आला तेव्हा सूर्य बुडत होता आणि मी मोजे वाळत घालत होते. दुर्बीण त्या दिवशी एका सहकाऱ्याची होती, वर्षभर वाट पाहून मिळालेली. नियमाप्रमाणे ती मी मागून घेतली. बिचाऱ्याने एका शब्दानेही कुरकुर न करता खुर्ची सोडली, चहाचा कप तेवढा जरा जोरात ठेवला.

जुन्या फोटोत जिथे काहीच नव्हतं, तिथे एक बारीक ठिपका होता! दुसऱ्या दिवशी तो मंद झाला. आणि तिसऱ्या दिवशी, बाबा, चक्क पुन्हा उजळला. असं क्वचितच होतं. मी जगभर कळवलं. त्यावर विसंबून परदेशातल्या एका खूप मोठ्या दुर्बिणीने २० आणि २१ तारखेच्या दोन रात्री या ठिपक्यासाठी राखून ठेवल्या आहेत. आमच्या प्रमुख बाई 'ठीक'च्या पुढे कधी जात नाहीत, त्या 'छान' म्हणाल्या. माझी नेमणूक जूनमध्ये संपते. इथे एक कायमची जागा निघतेय, तिचा विषय त्यांनी आपणहून काढला.

जगभर पाठवलेली माझी दोन्ही पत्रकं सोबत जोडलीत, एक पहिल्या दोन दिवसांचं आणि एक तिसऱ्याचं. शेजारच्या एका स्थिर ताऱ्याशी तुलना करून आम्ही ठिपक्याचं तेज मोजतो. आकडा लहान तितकं तेज जास्त, असा आमचा उलटा कारभार. विनंती एवढीच, की हे आईला समजावून सांगा. जमलं तर मलाही कळवा कसं जमलं ते.

तुमच्या मायेची हक्कदार,
भिंगरी


घरून,
११ फेब्रुवारी

चि. भिंगरी हिस,
बाबांचे अ. उ. आ.

पत्र चार वेळा वाचलं. आईला समजावलं. तिला एवढंच पटलं, की मेलेल्याची विचारपूस करायलाही वेळेवर जावं लागतं. काल केस कापून घेताना सलूनवाल्यालाही सगळं सांगितलं. त्याने स्फोटाबद्दल एक अक्षर न विचारता मला मान स्थिर ठेवायला सांगितली.

आता पुढचं लिहू की नको यात दोन दिवस गेले. वीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली, डोळ्यांची खोड काही जात नाही. मी बसचं तिकीटही शुद्धलेखनासाठी वाचतो, असं तुझी आई म्हणते. तुझी पत्रकं तशीच वाचली गेली. अर्थ फारसा कळला नाही, आकडे मात्र दिसले.

पहिल्या पत्रकात तुलनेच्या ताऱ्यापुढे १७.९१ आहे. दुसऱ्या पत्रकात त्याच ताऱ्यापुढे १७.१९. तारा तोच ना? त्याचं तेज बदलत असेल तर हे पत्र फाडून टाक आणि म्हाताऱ्याला हस. पण तूच त्याला स्थिर म्हटलं आहेस. एक आणि नऊ शेजारी आले की जागा बदलतात, हे मी शेकडो वेळा पाहिलंय. नुसतं छापताना झालं असेल तर काही बिघडलं नाही. पण तोच आकडा गणितात गेला असेल, तर ठिपका खरंच उजळला की आकड्यामुळे उजळ दिसला? एवढं पाहून घे.

तुझा,
बाबा

ता. क. आई लिहितेय. यांनी दोन दिवस पेन्सिल कानावरून काढलेली नाही, झोपतानाही. तू लवकर उत्तर दे म्हणजे निदान उशीचे अभ्रे वाचतील.


दुर्बिणीचा डोंगर,
१६ फेब्रुवारी

ती. बाबा यांस,
सा. न.

पत्र मिळालं. खरं सांगू? जरा लागलं. मी एवढ्या हौसेने पत्रकं पाठवली आणि तुम्ही पेन्सिल घेऊन बसलात. लहानपणी माझ्या निबंधांवरही अशाच खुणा असायच्या.

तो नुसता टंकनदोष असणार. आकडेमोड संगणक करतो, मी बोटं मोजून नाही करत. शिवाय पत्रक बाईंच्या नजरेखालून गेलंय. २३ तारखेला मुलाखत आहे आणि त्याआधी मीच माझ्या कामावर शंका काढली तर लोक काय समजतील? सवड झाली की पाहीन.

आईला नमस्कार.

भिंगरी


दुर्बिणीचा डोंगर,
१९ फेब्रुवारी

ती. बाबा यांस,
सा. न. आणि कान धरून माफी.

तुम्हाला लिहिलेलं पत्र पेटीत टाकून पायऱ्या चढून वर आले आणि कामात लक्षच लागेना. शेवटी काल दुपारी तिसऱ्या दिवसाची फाइल उघडली. त्या दिवशी ताऱ्यांची यादी संगणकावर येत नव्हती, म्हणून तेवढा एक आकडा मी हाताने भरला होता, हे मी साफ विसरले होते. आणि भरला होता १७.१९.

पुन्हा गणित केलं. तिसऱ्या दिवसाचं उत्तर १९.९१ होतं, ते झालं २०.६३. दुसऱ्या दिवशी २०.१० होतं. म्हणजे ठिपका उजळला नव्हताच. मावळणाऱ्याने मावळावं तसा तो शहाण्यासारखा मावळत होता. खिडकी लावली, दार लावलं आणि पाच मिनिटं रडून घेतलं.

मग बाईंकडे गेले. त्यांनी सगळं ऐकलं, चष्मा काढून पुसला आणि विचारलं, की मुलाखत होईपर्यंत चार दिवस थांबलं तर चालेल का. त्या माझ्या भल्यासाठीच विचारत होत्या. क्षणभर मला हो म्हणावंसं वाटलं, हे तुमच्यापासून लपवत नाही. पण तिकडच्या दुर्बिणीच्या राखीव रात्री वीस तारखेपासून होत्या. तेवढं मी सांगितलं. बाई म्हणाल्या, की मग इथे उभी काय राहिलीस, जाऊन लिही.

सव्वापाचला दुरुस्ती गेली. माझ्या नावाने, चूक माझी असं स्पष्ट लिहून. आकड्यांची अदलाबदल माझ्या वडिलांनी ओळखली, हे बाईंना सांगितलं. वडिलांचं खगोलशास्त्र कुठलं, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, छापखान्यातलं.

१६ तारखेच्या पत्रात जे फणकाऱ्याने लिहिलं, ते विसरून जा.

ओशाळलेली,
भिंगरी


घरून,
२१ फेब्रुवारी

चि. भिंगरी हिस,
अ. उ. आ.

तुझं १६ तारखेचं पत्र आज मिळालं. तुला लागलं हे वाचून वाईट वाटलं. तरीही मी मागे हटत नाही, आणि का हटत नाही ते आज सांगतो. आईला ठाऊक आहे, तुला नाही.

तू अकरा वर्षांची असताना मी छापखाना सोडून शाळेत कारकुनी धरली. डोळे दुखतात म्हणून, असं तुला सांगितलं होतं. डोळे चांगले होते.

लहान मुलांच्या एका औषधाबरोबर द्यायची माहितीची चिठ्ठी आमच्याकडे छापायला आली होती. त्यात २-५ थेंब द्यावेत असं हवं होतं. मधली आडवी रेघ खिळ्यांच्या जुळणीत गळून पडली. छापलं गेलं २५ थेंब. मुद्रित मी तपासलं होतं, खाली सही माझी.

शनिवारी संध्याकाळी घरी आणलेली प्रत चाळताना ते दिसलं. मालकांचं घर चालत वीस मिनिटांवर होतं. पण मी स्वतःची समजूत घातली, की चिठ्ठ्या अजून दुकानांत पोचल्या नसतील, रविवारी कोण औषध घेतं, सोमवारी सांगू. सोमवारीही दुपार होईपर्यंत माझी जीभ रेटेना. मालकांनी त्याच दिवशी माणसं पाठवून चिठ्ठ्या गुपचूप बदलून घेतल्या. पण रविवारी एका दोन वर्षांच्या मुलीला पंचवीस थेंब दिले गेले होते. अकरा दिवस ती इस्पितळात होती. मी रोज संध्याकाळी बाहेरच्या बाकावर जाऊन बसायचो. ती बरी झाली. बाराव्या दिवशी मी राजीनामा दिला.

रेघ पडली ती चूक. चुका माझ्याकडून आधीही झाल्या होत्या. तो रविवार मात्र चूक नव्हती, तो मी डोळे उघडे ठेवून घालवला. म्हणून सांगतो, सवडीची वाट पाहू नकोस.

तुझा,
बाबा


दुर्बिणीचा डोंगर,
२७ फेब्रुवारी

ती. बाबा यांस,
सा. न. वि. वि.

माझं १९ चं पत्र तुम्हाला मिळालं असेलच. आपली पत्रं वाटेत एकमेकांना ओलांडून गेली. तुमचं पत्र जिन्यातच उघडलं आणि तिथेच बसून राहिले. डोळ्यांना त्रास नको म्हणून मी तेव्हा तुम्हाला रोज वर्तमानपत्र वाचून दाखवायचे, आठवतं? तुम्ही निमूटपणे ऐकायचात. आता कळतंय किती जड गेलं असेल.

इकडची हकीकत अशी. मुलाखतीत पहिलाच प्रश्न दुरुस्तीबद्दल आला. झालं तसं सांगितलं. जागा मला मिळाली नाही. ज्याच्याकडून मी दुर्बीण मागून घेतली होती, त्या सहकाऱ्याला मिळाली. वाईट वाटलं, पण तो माझ्याहून जुना आणि कामाचा पक्का आहे. बाईंनी मला आणखी एक वर्ष वाढवून दिलंय. तिकडच्या मोठ्या दुर्बिणीने एक रात्र दुसऱ्या कामाला दिली आणि एक आमच्या ठिपक्याला. तो त्यांना जेमतेम दिसला, माझ्या दुरुस्त आकड्यांवरून जितका मंद असायला हवा तितकाच. तिथल्या निरीक्षक बाईंनी लिहिलंय, की दुरुस्ती उशिरा आली असती तर त्यांच्या दोन्ही रात्री ठिपका का उजळला ते शोधण्यात गेल्या असत्या.

बाबा, एक विचारू? रागवू नका. त्या मुलीच्या घरच्यांना कोणी सांगितलं का? तुमच्या पत्रात मालक आहेत, तुम्ही आहात, बाक आहे. ते लोक कुठेच नाहीत.

तुमचीच,
भिंगरी


घरून,
१४ मार्च

चि. भिंगरी हिस,
अ. उ. आ.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असं होतं. ते कागदावर उतरवायला हात धजेना, म्हणून पत्राला उशीर झाला. आई आठवडाभर पाहत होती. मग एके सकाळी तिने माझी चप्पल दाराशी सरळ करून ठेवली आणि म्हणाली, की जायचं तर आजच जा.

पत्ता इस्पितळापासून डोक्यात होता. तिसरा मजला. खिडकीशी शिवणयंत्र, भिंतीवर कापड बेतायच्या कागदांच्या गुंडाळ्या. बाई साठीच्या असतील. यजमान चार वर्षांपूर्वी गेले. मला गिऱ्हाईक समजून त्यांनी बसायला सांगितलं. मी उभ्यानेच सगळं सांगितलं, शनिवार, रविवार आणि सोमवारची दुपारसुद्धा.

यंत्राचं चाक त्यांनी हाताने थांबवलं आणि मला पुन्हा सांगायला लावलं. मी पुन्हा सांगितलं.

भिंगरी, त्या बाईंना बावीस वर्षं वाटत होतं की चूक त्यांची. डॉक्टरांनी किती थेंब दिले विचारलं, तेव्हा चिठ्ठीत होते तितके, पंचवीस, असं त्या म्हणाल्या. डॉक्टरांना ते पटलं नाही. यजमान दुकानात जाऊन चिठ्ठी घेऊन आले, तर तीवर २-५. आमच्या माणसांनी तोवर बदललेली. घरातली कागदांच्या गडबडीत हरवली होती. कोणी त्यांना बोललं नाही, पण सगळ्यांनी समजून घेतलं की आईने घाबरून चुकीचं वाचलं. त्यांनीही तेच समजून घेतलं. तेव्हापासून त्या प्रत्येक माप तीनदा घेतात आणि आकडा मुलीकडून वाचून घेतात. मी रोज त्या बाकावर बसत होतो आणि भिंतीपलीकडे हे चाललं होतं. माझ्या मनात ते कधी आलंच नाही.

मुलगी आतच होती. आता नोकरी करते, चांगली धडधाकट आहे. बाईंनी तिला हाक मारून बाहेर बोलावलं आणि तिच्यासमोर मला तिसऱ्यांदा सांगायला लावलं. सांगितलं. मग बाई चिडल्या. इतकी वर्षं पाय मोडले होते का, असं विचारलं. यजमान हयात असताना का आला नाहीत, असं विचारलं. क्षमा मागितली. ती मिळाली असं म्हणता येणार नाही, आणि मागून मिळण्यातली ती गोष्टही नव्हे.

मी दाराकडे वळलो तेव्हा त्यांनी थांबवलं. मापं लिहायच्या वहीतलं एक पान फाडून पुढे केलं आणि हे सगळं लिहून खाली सही करायला सांगितलं. मुलीने खुर्ची ओढून दिली. मी लिहिलं, तपासलं, सही केली, तारीख घातली. मुलीने कागद वाचायला हात पुढे केला, पण बाईंनी तो तिला दिला नाही. खिडकीच्या उजेडात धरून त्यांनी तो स्वतः मोठ्याने वाचला, पहिल्या अक्षरापासून माझ्या सहीपर्यंत. एकदाच.

घरी येऊन दोन दिवस झोपून होतो. आज बरं वाटतंय. तू विचारलंस ते बरं केलंस.

आमच्यावरची माया अशीच राहू दे, आणि डोळा असाच चौकस.

तुझा,
बाबा