आईंनी खोडलेला शब्द

आई,

तुम्ही विहारातून परत यायच्या आत मला स्वारगेटची बस गाठायची आहे, म्हणून चिठ्ठी. तुमची वही ऑफिसला नेतेय.

ऑफिसात आम्ही मुलांसाठी जो ऑनलाइन गेम बनवतो, त्यात कुणी शिवी लिहिली की ती आपोआप अडते, पण फक्त इंग्रजी आणि हिंदी. मराठीची यादी कोरी होती. ऑफिसातल्या सगळ्यांना मिळून अकरा आठवल्या. तुम्ही एका दुपारात त्रेसष्ट लिहून दिल्यात, त्याही सुवाच्य अक्षरात. कसब्यातल्या नळावर इतकी वर्षं तुम्ही फक्त पाणी भरत होतात, असं मला वाटायचं. मनापासून आभार.

पूर्वा शाळेतून आली की तिला द्यायला पोळीभाजी ओट्यावर झाकून ठेवली आहे.

शेवटचा शब्द तुम्ही लिहून खोडलात. ते आपल्या जातीचं नाव, शिवी नव्हे, म्हणूनच ना? गेल्या रविवारी पूर्वा गेम बंद करून रडली, ती हरली म्हणून नाही. समोरच्या मुलाने तिला तोच शब्द लिहिला होता. तुम्हाला सांगायचा मला धीर झाला नाही.

तो शब्द मी यादीत सगळ्यात वर घातलाय. संध्याकाळी यादी चालू होईल. मग तिला खेळायचं असेल, तर खेळू द्या.

चैताली