खालचा एक, वरचे चव्वेचाळीस

३ नोव्हेंबर

सोनाली, वाचायला बसली असशील तर आधी चष्मा शोध. कपाळावर असेल. मागच्या महिन्यात मी नाचणीचं पीठ मागितलं, तर तू रामनगरहून डबा धाडलास आणि आत पीठ घालायचं विसरलीस. अशा नातीसाठी आजीला सगळं लिहून ठेवावं लागतं. मला अक्षर येत नाही. मी बोलते, तुझी मामी सुमंगला लिहिते. मी ‘हाय’ म्हटलं की ती ‘आहे’ करते, माझं बोलणं धुऊन वाळत घालते. घालू दे.

काल आम्ही कुंभारवाड्याच्या फाट्यावर पोचलो. तुझ्या प्रशांतमामाला जळालेल्या ट्रान्सफॉर्मरच्या कॉइल गुंडाळायचं काम मिळालंय. आठ महिने घरी बसून होता, त्यामुळं मालकानं दिलेली पत्र्याची खोलीसुद्धा मला राजवाडा वाटली. खोलीला लागूनच शेड. शेडची राखण लखू म्हातारा करतो. त्यानं आल्याआल्या ताकाचा तांब्या आणून दिला. ताक कमी, पाणी फार, पण माणूस चांगला.

५ नोव्हेंबर

मलाही काम लागलं. यंत्रावरचा वेढे मोजायचा काटा मोडलाय, म्हणून काटा मी. प्रशांत हातानं चाक फिरवतो, एक वेढा पडला की मी परातीत एक बी टाकते. जाड पट्टीच्या कॉइलला गुंजा, बारीक तारेच्या कॉइलला चिंचोके. गुंजा साठ. चिंचोके दोन हजार सहाशे चाळीस, त्यात माझा खांदा गेला.

मी विचारलं, एवढा फरक का रे? त्यानं समजावलं. खांबावरून येणारी वीज अकरा हजार व्होल्टची, घरात घेतली तर माणसाचा कोळसा. म्हणून वरच्या बाजूला पुष्कळ वेढे, खालच्या बाजूला थोडे. मी परातीत एक गुंज ठेवली आणि समोर चव्वेचाळीस चिंचोके लावले. खालचा एक वेढा म्हणजे वरचे चव्वेचाळीस. तेवढ्याच पटीनं वीज मऊ होऊन उतरते. आणि खालून वर ढकलली तर तेवढ्याच पटीनं वाढते. या यंत्राला येणं-जाणं कळत नाही, वेढे तेवढे कळतात.

शेडचा एक नियम लखूनं सांगितला. सुरू केलेली कॉइल शेवटच्या वेढ्याला फीत बांधून पुरी होईपर्यंत जेवायला उठायचं नाही.

७ नोव्हेंबर

डोकं फिरायची वेळ आली. जाड-बारीक कॉइलची पहिली जोडी मीटरला लावली. वर दोनशेवीस दिली तर खाली बरोबर पाच यायला हवी. आली पाच पूर्णांक शून्य आठ. म्हणजे खाली एक वेढा जास्त. प्रशांत माझ्याकडं बघायला लागला. मी म्हटलं, माझ्याकडं काय बघतोस, गुंजा मोज. साठ. पट्टी सोडून मोजली. साठ. पुन्हा गुंडाळली, मीटर लावलं. एकसष्ट. तीन वेळा सोडली, तीन वेळा गुंडाळली. सुमंगला म्हणते आत्ती, तुमचा डोळा लागला असेल. माझा डोळा तुझ्या लग्नात नाही लागला बाई, आता कुठला लागतोय.

मालकाचे फोन येताहेत. मळणीच्या दिवसांत वाड्या अंधारात आहेत. शनिवारपर्यंत झालं नाही तर दुसरा वायंडिंगवाला आणतो म्हणाला.

८ नोव्हेंबर

लखूला ताकाऐवजी चहा पाजला तेव्हा बोलला. प्रशांतच्या आधी इथं येसाजी होता. डाव्या पायाला अंगठा नव्हता, जंगलात कुऱ्हाडीनं गेलेला. चैत्रात भर दुपारी बसल्या जागी मेला. हातात पट्टी, खालच्या कॉइलचा एकच वेढा राहिलेला, बाजूला जेवणाचा डबा न उघडलेला. तेव्हापासून या शेडमध्ये प्रत्येक कॉइलला एक वेढा जास्त पडतो. आधीचे दोघे कंटाळून गेले.

म्हणजे हे असं. बिचारा उपाशी आहे आणि एक वेढा राहिलाय, तो टाकतोय. मग सांगायचं नाही होय रे आधी?

९ नोव्हेंबर

दुपारी पान वाढलं. भात, वालाची आमटी, कोकम. मेलेल्याच्या पानात मीठ घालत नाहीत, तसं बिनमिठाचं. दाराशी जुना ट्रान्सफॉर्मर आहे. एका बाजूला चिनी मातीची उंच टोपणं, दुसऱ्या बाजूला बुटकी. बुटक्या बाजूला सावली होती, तिथं पान ठेवलं. म्हटलं, येसाजी, जेव बाबा, आणि ऊठ.

कावळा नाही, मुंगी नाही, पान चाटून पुसून. मीटर लावलं तर पाच. बरोबर पाच. प्रशांतनं मला उचललं. मी म्हटलं, सोड, हाडं मोजून घ्यावी लागतील.

११ नोव्हेंबर

दुसरी जोडी. मी साठावी गुंज टाकली आणि थांब म्हटलं. प्रशांत थांबला नाही. चाक फिरवत म्हणाला, “आये, एकच ऱ्हायला.”

सत्तर झाले. ऐंशी झाले. पट्टी संपली तरी हात फिरतोय. सुमंगलानं ओढलं, मी ओढलं. हात गरम, आणि आतून गुणगुण येते, वीज नसताना.

डबा बाजूला तसाच आहे.

१२ नोव्हेंबर

प्रशांत उठलेला नाही. तोंडात घास घातला तर थुंकला. म्हणाला मीठ लागतंय, मीठ काढ.

दाराशी मी त्या दिवसापासून रोज पान ठेवते, कालही ठेवलं होतं. ते फाटून चिंध्या झालंय. भोवती तेलकट धुळीत माणसं बसल्याच्या खुणा. मांडीच्या, पायांच्या. मी चिंचोके टाकत मोजल्या. चव्वेचाळीस. प्रत्येक खुणेत डावा पाय, आणि अंगठा नाही.

लखू पाहून गेला, परत आला नाही. मालकाचा फोन लागत नाही.

१३ नोव्हेंबर

चूक माझी. मी पान बुटक्या, थोड्या वेढ्यांच्या बाजूला ठेवलं. खालच्या बाजूला. एक पान खाली, तर वर चव्वेचाळीस भुका जाग्या झाल्या. प्रशांतनं मला समजावलं होतं, मी चिंचोके लावून बघितलं होतं, आणि तरी सावली बघून—

सावली बघून. एवढं वय झालं.

उंच बाजूला चव्वेचाळीस पानं वाढली तर खाली एकच उतरेल. एकटा येसाजी. पोटभर जेवेल, त्याचा वेढा टाकेल, जाईल. हिशेब सरळ आहे. तांदूळ नाही. होता तेवढा रोजच्या पानात गेला.

१४ नोव्हेंबर

सकाळी पुन्हा मोजलं. पंचेचाळीस.

पंचेचाळिसाव्या खुणेला अंगठा आहे.

सुमंगला एका हातानं लिहितेय, मी लिही म्हणते. आम्ही दोघी प्रशांतचे खांदे धरून बसलोय, सोडलं की तो दाराकडं सरकतो. चुलीशी जाता येत नाही. ही वही सकाळच्या बसवाल्याकडं देतोय. सोनाली, चष्मा लाव आणि नीट वाच. विसरू नकोस. दुपारच्या बसनं भात धाड, शिजवूनच. चव्वेचाळीस पानांचा, वेगळा बांधून, त्यात मिठाचा खडा पडू देऊ नकोस. आणि एक डबा वेगळा, प्रशांतसाठी. त्यात मऊ भात, वर तूप, आणि मीठ घाल, चांगलं मूठभर. त्यानं ते मिठाचं खाल्लं तर तो अजून आपला आहे, आणि न्हाई खाल्लं तर—