खोक्यातला तास

सोमवार, ३ तारीख
शुक्रवारी मुख्याध्यापिका माझा तास बघायला बसणार. विषय: त्रिमितीय आकार. तास फसला तर गणित नव्या बाईंकडे आणि मी ग्रंथालयात पुस्तकांना कव्हरं घालायला, असं त्या हसत हसत म्हणाल्या. गंमत केली असणार. पण गणित काढून घेतलं तर माझा नुसता चष्मा उरतो.

मंगळवार, ४
अफलातून कल्पना! मोठा घन करायचा, आत मी बसायचं. वेळ येताच चारी बाजू धाडकन पडतील, आकार उलगडून सपाट होईल, मध्ये मी उभा. बायको म्हणाली, बाहेर उभं राहून शिकवलं तर चालत नाही का? तिला अध्यापनातलं काही कळत नाही.

बुधवार, ५
दुकानातून छोट्या फ्रिजचा खोका आणला. बायको म्हणते, हा घन नाही, उंची जास्त आहे, ही इष्टिकाचिती. कात्री सापडली नाही. बाजू पडायला कडा कापाव्या लागतील, उद्या कापू.

गुरुवार, ६
राहिलं. डोकं दुखत होतं. तसंही इष्टिकाचितीला सहा पृष्ठं, बारा कडा, आठ कोपरेच असतात. फरक काय? तालीम मुद्दाम केली नाही, उत्स्फूर्तपणा जातो.

शुक्रवार, ७. सकाळी १०.४०
खोक्यात. हात घालायच्या भोकातून उजेड येतो, लिहिता येतं. शिपायाला बजावलं होतं, कडा नीट चिकटव, फट दिसता कामा नये. माणूस कामाला पक्का. टेपचे दोन-दोन थर देऊन पोस्टात गेला.

१०.५५
ढकलून पाहिलं. हलत नाही. मजबुती हाही एक गुणधर्मच. गुडघे हनुवटीला लागलेत.

११.०५
मुलं आली. मुख्याध्यापिकाही. सर कुठे आहेत, असं त्यांनी दोनदा विचारलं. ओरडावं का? पण खुराड्यातल्या कोंबडीसारखं? योग्य क्षण येईल.

११.१५
नव्या बाईंना बोलावलं. त्यांनी खोक्यावर हात ठेवून सुरुवात केली. मुलं भोवती फिरून पृष्ठं मोजताहेत. माझ्या कानाजवळच कुणीतरी कडेवरून बोट फिरवलं. जमिनीला टेकलेले कोपरे दिसत नाहीत, तरी मोजायचे का, असं एकाने विचारलं. इतक्या वर्षांत माझ्या वर्गात असा प्रश्न कुणी विचारला नाही. बाई छान शिकवतात. फार वाईट वाटलं.

११.३५
मुख्याध्यापिका म्हणाल्या, सोमवारपासून गणित तुम्हीच घ्या. बाई नको नको म्हणाल्या, पण एकदाच. आता ओरडण्यात अर्थ नाही.

११.४०
जाता जाता एका मुलीने विचारलं, बाई, आत काय आहे? बाईंनी खोक्यावर टिचकी मारली. म्हणाल्या, काही नाही, पोकळ आहे.
मी श्वास रोखून धरला. बाई पहिल्याच तासाला खोट्या पडायला नकोत.